दुसऱ्या रिमोटला ‘स्टार्ट’चं बटण नव्हतं

आमच्या घरात व्हिडिओ गेम आला तो भावासाठी. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. चाचणी परीक्षेत चांगले मार्क पडले म्हणून वडिलांनी तो आणला. (मार्क मलाही पडले होते. मला कंपासपेटी मिळाली.) प्लॅस्टिकचा एक डबा, वर कॅसेट बसवायची खाच, टीव्हीला जोडायची वायर आणि दोन रिमोट. कंट्रोलर हा शब्द तेव्हा कुणाला माहीत नव्हता, आम्ही सगळे रिमोटच म्हणायचो. पहिला रिमोट भावाचा, दुसरा माझा. कुणी असं ठरवलं नव्हतं, पण कधी बदललंही नाही.

त्या दुसऱ्या रिमोटला ‘स्टार्ट’ आणि ‘सिलेक्ट’ ही दोन बटणं नव्हती. म्हणजे खेळ कोणता लावायचा, सुरू कधी करायचा, मध्येच थांबवायचा की नाही, हे सगळं पहिल्या रिमोटवाल्याच्या हातात. मारिओमध्ये तर दोघांनी आळीपाळीने खेळायचं असे. पहिला आऊट झाला की दुसऱ्याची पाळी. भाऊ चांगला खेळायचा, त्यामुळे माझी पाळी यायला वेळ लागे. आणि ती येईपर्यंत आतून हाक यायची, “अगं, पानं घ्यायला ये!”

ही दोन बटणं आमच्याच संचात नव्हती असं नाही. आपल्याकडे त्या काळात घरोघरी आलेले बहुतेक संच हे जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’ या यंत्राच्या नकला होत्या. ते मूळ यंत्र १५ जुलै १९८३ ला जपानात विक्रीला आलं. त्याच्याही दुसऱ्या रिमोटला स्टार्ट आणि सिलेक्ट नव्हतं, त्याऐवजी एक छोटा मायक्रोफोन होता. म्हणजे दुसऱ्या खेळाडूला बोलायची सोय होती, सुरू करायची नव्हती!

हे यंत्र बनवणाऱ्यांनी बायकांना मागे ठेवायचं म्हणून असं केलं, असं माझं म्हणणं नाही. आरोप करायचा तर नेमका करावा. कंपनीने फक्त एक पहिला आणि एक दुसरा रिमोट बनवला. पहिला कुणाच्या हातात द्यायचा हे आपण ठरवलं. आपल्या घरात, आपल्या दिवाणखान्यात.

आज हे सगळं आठवण्याचं कारण म्हणजे जुन्या व्हिडिओ गेमना पुन्हा आलेले चांगले दिवस. २०१६ साली निन्टेन्डोने आपलं जुनं यंत्र छोट्या आकारात, तीस जुने खेळ आत भरून पुन्हा बाजारात आणलं. २०१८ पासून त्यांच्या नव्या यंत्रावर वर्गणी भरून जुने खेळ खेळता येऊ लागले. चाळिशी-पन्नाशीतले पुरुष हे खेळ पुन्हा खेळतात, त्यांची परीक्षणं लिहितात, त्यावर बोलतात. त्या परीक्षणांत काय असतं? चित्रं कशी, संगीत कसं, अवघड किती, बटण दाबल्यावर मारिओ किती चटकन उडी मारतो. आणि भरपूर हळहळ. ‘आपलं बालपण.’

आपलं म्हणजे कुणाचं? मी हा प्रश्न विचारते तेव्हा मित्र हसतात. “अगं, गेमच तो! त्यात काय बाईपुरुष?” मैत्रिणी हसत नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर वेगळा प्रश्न असतो. रेशनचा प्रश्न आहे, कुटुंबातली हिंसा आहे, एकट्या बायकांच्या घरांचा प्रश्न आहे, आणि ही बाई व्हिडिओ गेमचं काय घेऊन बसली? दोन्ही आक्षेपांना उत्तर द्यायचा हा प्रयत्न.

तीस खेळांची मोजदाद

सिनेमा, जाहिराती, पाठ्यपुस्तकं यांतली बाईची प्रतिमा हा विषय आपल्या चळवळीला नवा नाही. ‘कमल पाणी भर, छगन पतंग उडव’ छापाची वाक्यं आणि चित्रं आपण पुस्तकांतून शोधून काढली, मोजली, त्यावर भांडलो. तीच साधी पद्धत इथे लावून पाहू. २०१६ च्या त्या छोट्या यंत्रात जपानबाहेरच्या ग्राहकांसाठी जे तीस खेळ होते ते घेऊ.

त्या तिसांपैकी निदान आठ खेळांत कुणीतरी राजकन्या, देवी किंवा ‘बाई’ अडकलेली किंवा निद्रिस्त आहे आणि तिला सोडवायचं किंवा जागं करायचं आहे. ‘डाँकी काँग’, पहिला आणि तिसरा ‘सुपर मारिओ’, ‘झेल्डा’चे दोन्ही भाग, ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’, ‘किड इकरस’, ‘फायनल फँटसी’. ‘डबल ड्रॅगन’च्या दुसऱ्या भागात तर नायकाची मैत्रीण सुरुवातीलाच मारली जाते आणि उरलेला खेळ तिचा सूड घेण्याचा. मूळ ‘डबल ड्रॅगन’ १९८७ चा. त्याची सुरुवात मला अजून आठवते. एक मुलगी रस्त्यावर उभी असते, गुंड येतात, तिच्या पोटात ठोसा मारतात आणि तिला खांद्यावर टाकून घेऊन जातात. काही सेकंदांचं दृश्य. प्रत्येक वेळी खेळ सुरू केला की ते पुन्हा दिसणार. किती मुलग्यांनी ते किती वेळा पाहिलं असेल याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

‘डाँकी काँग’ १९८१ चा. शिगेरू मियामोतो यांनी तो रचला. त्यातला शिड्या चढणारा सुतार म्हणजे पुढचा मारिओ. त्याला तेव्हा ‘जंपमॅन’, म्हणजे उडी मारणारा, असं कामावरून नाव होतं. वर माकडाच्या ताब्यात असलेल्या बाईचं नाव काय? ‘लेडी’. बाई. बस्स. पोलीन हे नाव तिला नंतर मिळालं. नाव मिळायलाही तिला वाट पाहावी लागली.

आणि बाईला खेळता येईल असे खेळ त्या तिसांत किती? दुसऱ्या ‘सुपर मारिओ’मध्ये (१९८८) चार जणांतून एक निवडायचा असतो, त्यात राजकन्या आहे. ती हवेत थोडा वेळ तरंगू शकते, त्यामुळे नवशिक्यांना ती फार उपयोगी पडते. पण हा खेळ मुळात ‘डोकी डोकी पॅनिक’ नावाचा दुसराच जपानी खेळ. त्याची पात्रं बदलून त्याचा मारिओ केला गेला. राजकन्येला खेळायला मिळालं ते अशा आडवाटेने. पुढच्याच भागात ती पुन्हा कैदेत.

‘आइस क्लायंबर’मध्ये (१९८५) बर्फाचा डोंगर चढणारी दोघं आहेत. निळ्या कपड्यांतला पोपो आणि गुलाबी कपड्यांतली नाना. एकट्याने खेळलात तर पोपो. नाना हवी असेल तर दुसरा रिमोट हातात घ्यायचा. तोच तो, स्टार्ट नसलेला.

उरला ‘मेट्रॉइड’ (१९८६). याच्याबद्दल स्वतंत्रच बोलायला हवं.

बक्षीस म्हणून बाई

‘मेट्रॉइड’ची नायिका सामुस अरान. अख्खा खेळ ती चिलखतात असते. एकटी, अनोळखी ग्रहाच्या पोटात, हातात बंदूक. चेहरा दिसत नाही. सोबतच्या इंग्रजी माहितीपुस्तिकेत तिचा उल्लेख ‘तो’ असा होता. खेळ पुरा केला की शेवटी चिलखत उतरतं आणि कळतं की इतका वेळ आपण एका बाईच्या रूपात लढत होतो. जुन्या खेळांचे परीक्षक या क्षणाचं तोंडभरून कौतुक करतात, आणि ते खोटं नाही. ज्या मुलग्यांनी ‘मुली काय खेळणार’ म्हणून आयुष्य काढलं त्यांना चपराक बसावी असाच तो क्षण आहे.

पण पुढचं वाक्य परीक्षणात क्वचित येतं. सामुस किती दिसेल हे तुम्ही खेळ किती लवकर संपवता यावर ठरतं. फार वेळ लागला तर चिलखत तसंच. पाच तासांच्या आत संपवला तर शिरस्त्राण उतरतं. तीन तासांच्या आत, तर ती तंग पोहण्याच्या पोशाखात. एका तासाच्या आत, तर बिकिनीत. जितका खेळाडू पटाईत, तितके तिच्या अंगावर कपडे कमी. म्हणजे ती खेळाची नायिका, आणि खेळाचं बक्षीसही तीच. ज्या हातांनी तिला लढवलं त्यांच्यासाठीच शेवटी तिला उभं केलं.

माझं म्हणणं असं नाही की म्हणून हा खेळ वाईट. मी तो नुकताच पुन्हा खेळले. रस्ता दाखवणारं कुणी नाही, नकाशा नाही, आपला आपण शोधायचा. त्या एकटेपणात एक प्रकारचा निर्भयपणा येतो, आणि बाई म्हणून तो मला मोलाचा वाटतो. अंधाऱ्या बोळांतून एकटीने हिंडायचा अनुभव आपल्याला दुसरीकडे कुठे मिळतो? दोन्ही गोष्टी एकाच खेळात आहेत. परीक्षण करायचं तर दोन्ही सांगा, एवढंच मागणं आहे.

‘मिज पॅक-मॅन’चीही तीच गत. मूळ ‘पॅक-मॅन’ १९८० चा, तोरू इवातानी यांचा. तेव्हाचे खेळांचे अड्डे पुरुषांनी भरलेले असत. बायकांनीही तिथे यावं म्हणून त्यांनी मारामारीऐवजी खाण्याचा खेळ काढला, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. (बायका म्हणजे खाणं, हा हिशेब बाजूला ठेवू. निदान बायका याव्यात असं वाटलं तरी.) १९८२ मध्ये अमेरिकेत त्याचा पुढचा खेळ निघाला. नायक तोच पिवळा गोळा, फक्त डोक्यावर लाल फीत, ओठांना लाली, गालावर तीळ. बाई करायची सोपी कृती!

नावाची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. आधी ‘मिस’ म्हणावं असं ठरत होतं. मग लक्षात आलं, खेळाच्या मधल्या दृश्यात दोघांना बाळ होतं. कुमारीला बाळ कसं? मग ‘मिसेस’चा विचार झाला. अखेर ‘मिज’वर गाडी थांबली. बाईची ओळख तिच्या लग्नावरून का, हा प्रश्न विचारून अमेरिकेतल्या स्त्री-चळवळीने जो शब्द रुजवला, ज्या नावाचं मासिक १९७२ साली सुरू झालं, तोच शब्द दहा वर्षांत खेळाच्या यंत्रावर जाऊन बसला. ‘कुमारी की सौभाग्यवती’ या फॉर्मवरच्या रकान्याशी भांडलेल्या आपल्या मैत्रिणींना याची गंमत कळेल. आणि खेळ म्हणून पाहिलं तर ही ‘मिज’ मूळ खेळापेक्षा सरस होती. एकाऐवजी चार चक्रव्यूह, फळं एका जागी न थांबता फिरणारी, भुतांच्या चाली आधी ओळखता न येणाऱ्या. फीत आणि लाली पाहून आपण तोंड फिरवलं असतं तर हे कळलंच नसतं.

खेळ बनवणाऱ्या बायका

‘मुलींना यात गती नसते’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. म्हणून हे खेळ कुणी बनवले तेही पाहू.

कॅरल शॉ १९७८ मध्ये अटारी कंपनीत प्रोग्रॅमर म्हणून लागल्या. घरगुती व्हिडिओ गेम लिहिणाऱ्या सुरुवातीच्या व्यावसायिक स्त्रियांपैकी त्या एक. कंपनीचे अध्यक्ष एकदा पाहणीला आले आणि म्हणाले, आता बाई आली, रंगसंगती आणि घरसजावटीचे खेळ होतील. ही आठवण शॉ यांनीच पुढे मुलाखतीत सांगितली. त्यांनी घरसजावट केली नाही. पुढे ॲक्टिव्हिजन कंपनीत त्यांनी १९८२ साली ‘रिव्हर रेड’ लिहिला. नदीवरून विमान न्यायचं, पूल उडवायचे, इंधन संपू द्यायचं नाही. नदी लांबच लांब, आणि कॅसेटमध्ये जागा फक्त ४ किलोबाइट. एवढ्यात अख्ख्या नदीचा नकाशा मावणं शक्य नाही. म्हणून शॉ यांनी नकाशा साठवलाच नाही. एका गणिती सूत्रातून काठाची वळणं, बेटं, पूल जागच्या जागी तयार होतील अशी सोय केली. सूत्र तेच, त्यामुळे नदीही दर वेळी तीच. हातातल्या चिमूटभर सामानात स्वयंपाक कसा भागवायचा हे बायकांना सांगावं लागत नाही म्हणतात. पण शॉ यांचं हे काम म्हणजे गृहिणीची काटकसर म्हणून कौतुकाने सोडून देण्याची गोष्ट नव्हे. ती उच्च दर्जाची अभियांत्रिकी होती, आणि तिला त्याच नावाने ओळखलं पाहिजे.

डोना बेली यांनी अटारीतच एड लॉग यांच्याबरोबर ‘सेंटिपीड’ (१९८१) केला. ज्या विभागात त्या काम करत तिथे प्रोग्रॅमर म्हणून त्या एकट्या बाई होत्या. जपानात सेगा कंपनीत रिएको कोदामा होत्या. १९८७ च्या ‘फँटसी स्टार’च्या चित्रकामात त्यांचा मोठा वाटा. त्या खेळाची नायिका अलिस नावाची तरुण मुलगी. राजाच्या शिपायांनी भावाला मारलं म्हणून ती तलवार उचलते. आणि वाटेत दगड होऊन पडलेल्या एका धिप्पाड योद्ध्याला सोडवते. इथे अडकलेला पुरुष आहे आणि सोडवणारी बाई. कुणाला ते विचित्र वाटलं नाही, खेळ लोकांनी आवडीने खेळला. कोदामा २०२२ मध्ये वारल्या.

मग ही नावं आपल्याला माहीत का नाहीत? एक कारण असं की त्या काळी बऱ्याच जपानी कंपन्या खरी नावं छापतच नसत. दुसऱ्या कंपनीने माणसं पळवू नयेत म्हणून टोपणनावं. कोदामांचं नाव ‘फिनिक्स री’ असं यायचं. ‘कॅसलव्हेनिया’ (१९८६) या खेळाचं संगीत आजही वाजवलं जातं. ते करणाऱ्यांत किनुयो यामाशिता ही तरुण संगीतकार होती. पडद्यावर नाव काय? ‘जेम्स बनाना’. टोपणनावं पुरुषांनाही होती हे खरं. पण पडद्यावर ‘जेम्स’ वाचल्यावर तिथे बाई असेल अशी शंका कुणाला येणार? अनामिक काम हे नेहमी पुरुषाच्याच खात्यावर जमा होतं.

आणि ज्यांची नावं कधीच कुठे छापली जाणार नव्हती त्यांचं काय? फेब्रुवारी १९८३ मध्ये अटारीने कॅलिफोर्नियातलं बरंचसं उत्पादन हाँगकाँग आणि तैवानला हलवायचं जाहीर केलं आणि सुमारे १७०० जणांच्या नोकऱ्या गेल्या. इलेक्ट्रॉनिक वस्तूंची जोडणी हे इकडेतिकडे सगळीकडे बायकांचंच काम मानलं गेलं आहे. बारीक बोटं, कमी मजुरी, युनियन नाही. अंधेरीच्या सीप्झमध्ये १९७३ पासून जे चाललं ते पाहिलेल्या कार्यकर्त्यांना हे वेगळं सांगायला नको. खेळाची कॅसेट हातात घेतली की ही साखळीही आपल्या हातात येते. जुन्या खेळांच्या कौतुकात तिच्याबद्दल एक ओळ नसते.

बंदी की बोलणं?

या विषयात स्त्री-संघटना मुळीच नव्हत्या असं नाही. १९८२ साली अमेरिकेत अटारीच्या यंत्रावर चालणारा ‘कस्टर्स रिव्हेंज’ नावाचा खेळ निघाला. कस्टर हा सेनानी १८७६ मध्ये मूळनिवासी अमेरिकनांशी लढताना हरला आणि मारला गेला. खेळात त्याचा ‘सूड’ म्हणजे काय, तर खांबाला बांधलेल्या मूळनिवासी स्त्रीपर्यंत पोचायचं आणि तिच्यावर बलात्कार करायचा. त्याचे गुण मिळणार. न्यूयॉर्कमध्ये ‘विमेन अगेन्स्ट पोर्नोग्राफी’ आणि मूळनिवासी संघटना एकत्र आल्या, निदर्शनं झाली. अटारीनेही त्या कंपनीवर दावा लावला.

एका जमातीशी लढायचं तर तिच्या बाईवर हात टाकायचा, हे गणित आपल्याला अमेरिकेतून शिकायला नको. १९४७ ते २००२ आपण ते आपल्या देशात पाहिलं. म्हणूनच आज जुन्या खेळांच्या ‘सर्वांत टुकार खेळ’ अशा याद्यांत तो खेळ चवीचवीने सांगितला जातो तेव्हा माझं रक्त उसळतं. परीक्षक म्हणतो चित्रं वाईट, हालचाल वाईट, म्हणून हास्यास्पद. चित्रं सुबक असती तर? त्या निदर्शनांचा तर उल्लेखही नसतो. बायका आणि मूळनिवासी तेव्हा रस्त्यावर आले होते, हा या खेळाच्या इतिहासाचा भाग नाही का?

मग बंदी हवी का? माझी भूमिका स्पष्ट सांगते: प्रत्यक्ष अत्याचाराचं चित्रण विकणाऱ्याला कायद्याने जाब विचारलाच पाहिजे. पण त्यापलीकडे बंदीच्या मागणीवर माझा विश्वास उरलेला नाही. स्त्रियांच्या अशोभनीय चित्रणाविरुद्धचा १९८६ चा कायदा आपल्याकडे आहे. त्याने अंगप्रदर्शन कदाचित थांबेल, पण राजकन्या कैदेतच राहील. ‘अशोभनीय’ काय हे ठरवणारे आपण नसतो, हे आपण पुन्हा पुन्हा अनुभवलं आहे. आणि बंदीची कुऱ्हाड कुणावर पडेल याचा नेम नसतो. पश्चिम जर्मनीच्या सरकारी मंडळाने १९८४ मध्ये मुलांना घातक म्हणून एका खेळाला यादीत टाकलं. कुठला खेळ? कॅरल शॉ यांचा ‘रिव्हर रेड’.

बोलणंही स्वस्त नाही, हेही सांगायला हवं. अनिता सार्कीशियन या अमेरिकेतल्या अभ्यासक. व्हिडिओ गेममधल्या स्त्री-प्रतिमांवर चित्रफिती करायच्या म्हणून त्यांनी २०१२ मध्ये लोकांकडून पैसे गोळा करायला सुरुवात केली, एवढंच. त्यांच्यावर शिव्यांचा आणि धमक्यांचा पाऊस पडला. त्यांच्या फोटोवर ठोसे मारायचा एक खेळही कुणीतरी केला. २०१४ मध्ये युटातल्या एका विद्यापीठात त्यांचं भाषण होतं. सामूहिक हत्याकांडाची धमकी आली, सभागृहात बंदुका आणायला तिथल्या कायद्याने अटकाव करता येत नव्हता, आणि भाषण रद्द करावं लागलं. ‘गेमच तो, त्यात काय’ म्हणणाऱ्या मित्रांना माझा प्रश्न आहे: त्यात काहीच नसेल, तर एका बाईने प्रश्न विचारल्यावर इतका संताप का?

खेळायचा हक्क

आता मैत्रिणींच्या आक्षेपाकडे येते. हा आपला विषय आहे का?

भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ९७, असं दिसलं. हे आकडे आपण घरकामाच्या मोलाबद्दल बोलताना वापरतो. त्यांची दुसरी बाजूही आहे. ही जी दोनशे मिनिटांची तफावत आहे तिच्यात मुलग्याचा खेळ आहे. माझा भाऊ डबल ड्रॅगनच्या शेवटपर्यंत पोचला कारण मी पानं घेत होते. त्याच्या ‘रम्य बालपणा’ला माझ्या कामाचं अनुदान होतं.

आपण पाण्यासाठी, मजुरीसाठी, सुरक्षिततेसाठी लढलो. विनाकारण बसायचा, हरायचा, पुन्हा हरायचा, आणि त्यातून काहीही ‘उपयोगाचं’ न शिकायचा हक्क आपण मुलींसाठी फारसा मागितला नाही. मुलीने खेळलं तर ते तिच्या आरोग्यासाठी, आत्मविश्वासासाठी, करिअरसाठी असावं लागतं. मुलगा नुसता खेळतो. ही नुसती खेळण्याची मोकळीक हाच माझ्या मते प्रश्नाचा गाभा आहे.

आणि हे बदलता येतं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रोग्रॅमर बापाला त्याच्या तीन वर्षांच्या मुलीने विचारलं, ‘डाँकी काँग’मध्ये मला ती बाई होऊन मारिओला सोडवता येईल का? मूळ खेळात ते शक्य नव्हतं. त्याने रात्र जागून खेळ बदलला: पोलीन शिड्या चढते, मारिओ वर अडकलेला. मुलीच्या मनात आलेला प्रश्न आपल्या कुणाच्याच मनात तीस वर्षं का आला नाही? निन्टेन्डोलाही २०२४ साली, ‘झेल्डा’ मालिका सुरू झाल्यावर अडतीस वर्षांनी, मुख्य मालिकेतल्या एका खेळात राजकन्या झेल्डाच्याच हाती सूत्रं द्यावी लागली. तो खेळ दिग्दर्शित करणाऱ्यांत तोमोमी सानो ही स्त्री होती.

म्हणून माझ्या सूचना साध्या आहेत. आपल्या गटांच्या केंद्रांतून, वस्तीतल्या मुलींच्या शिबिरांतून एक दुपार या खेळांसाठी ठेवा. कुणाकडे माळ्यावर जुना संच असेल तर उतरवा. आधी मुलींना पोटभर खेळू द्या, चर्चा लगेच सुरू करू नका. (ही सवय आपल्याला आहे!) मग त्यांनाच परीक्षण करायला सांगा. चार प्रश्न पुरेत:

१) या खेळात कोण चालतं-धावतं आणि कोण वाट पाहतं?

२) बाईला नाव आहे का?

३) जिंकल्यावर काय मिळतं, वस्तू की माणूस?

४) तुला मजा आली का, आणि कुठे?

चौथा प्रश्न वगळू नका. तो वगळला तर आपणही पुन्हा मास्तरीणबाईच होऊ. मला स्वतःला मारिओ अजून आवडतो. राजकन्या पलीकडच्याच किल्ल्यात आहे असं आठव्यांदा कळल्यावरही मी पुढे जाते. आवडत्या गोष्टीवर टीका करता येते, आणि टीका केलेली गोष्ट आवडू शकते. आईच्या ओव्यांपासून सिनेमाच्या गाण्यांपर्यंत आपण हेच तर करत आलो.

मागच्या दिवाळीत भावाकडे गेले होते. त्याने हौसेने जुन्या खेळांचा संच घेतला आहे. त्याची मुलगी आणि मुलगा खेळायला बसले आणि मुलाने सवयीने पहिला रिमोट उचलला. या नव्या रिमोटना दोन्हीकडे स्टार्ट आहे, तरी पहिला तो पहिलाच. मी काही बोलायच्या आत भाची म्हणाली, “आत्या, याला सांग ना, आज पहिला मी.” भाऊ आतून ओरडला, “दे रे तिला.” आणि मग थोडं थांबून म्हणाला, “पानं मी घेतो.”

पानं घ्यायला त्याला तीस वर्षं लागली. भाचीला तेवढी वाट पाहायला लागू नये.